दुखणं दहापैकी दोन

नोकरीतल्या मोठमोठ्या गुन्ह्यांचे तपशील आता एकमेकांत मिसळू लागले आहेत. ही घटना मात्र आजही पहिल्या फोनपासून शेवटच्या फोनपर्यंत जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की मला स्वतःचाच राग येतो. तेव्हा मी बर्मिंगहॅममध्ये डिटेक्टिव्ह सार्जंट होतो.

शहरातल्या एका हॉस्पिटलात संशोधन चालू होतं. गुडघ्याच्या ऑपरेशनची वेटिंग लिस्ट लांबलचक. त्या लिस्टवरच्या रुग्णांना दर महिन्याला फोन करायचा, दुखणं दहापैकी किती ते विचारायचं आणि जास्त दुखणाऱ्यांना पुढे घ्यायचं, अशी योजना. खर्च तेवढाच, पण ज्याला खरी गरज आहे तो आधी टेबलावर. कल्पना चांगली होती, आजही मला ती चांगलीच वाटते. आपल्याकडच्या वयस्कर रुग्णांना फोन करायला नागपूरहून वर्क व्हिसावर आलेली एक मुलगी ठेवली होती.

खबर तिच्याच ऑफिसातून आली. शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंनी वरिष्ठांना सांगितलं की ही फोनवर हसत गप्पा मारते आणि आकडे मनाने टाकते. त्याच आठवड्यात पंचाहत्तरीच्या एक मराठी काकू घरातल्या जिन्यावरून पडल्या. गुडघ्याने दगा दिला आणि खुबा मोडला. त्यांच्या फॉर्मवर सहा महिने ओळीने ‘दोन’ लिहिलेलं होतं. हॉस्पिटलने मुलीला सस्पेंड केलं आणि फाइल आमच्याकडे पाठवली. खोट्या नोंदींचा आरोप टिकला असता तर तिची नोकरी गेली असती आणि नोकरीबरोबर व्हिसाही.

फाइल माझ्याच टेबलावर का आली हे सांगायला नको. स्टेशनमध्ये मराठी समजणारा मी एकटा. आपली म्हणून सोडलं, असं कुणी म्हणू नये यासाठी मी जरा जास्तच कडक झालो. ही खोड माझ्यासारख्या बऱ्याच जणांना असते.

फोनच्या नोंदी मागवल्या. फोन खरोखर झाले होते. पण फोन झाला म्हणजे प्रश्न विचारला, असं होत नाही. तिला इंटरव्ह्यूला बोलावलं, तिचा वकील शेजारी बसवला, ‘बोलाल ते पुरावा म्हणून वापरलं जाईल’ ही कॉशन वाचून दाखवली आणि रेकॉर्डर सुरू केला.

“काकूंना जिना चढता येत नव्हता. मग दोन कसे?”

“त्या म्हणाल्या दोन. मी दोन लिहिलं.”

“तुम्हाला ते खरं वाटलं?”

“नाही वाटलं, सर. पण प्रोजेक्टचा रूल आहे, स्क्रिप्टबाहेर काही विचारायचं नाही. पेशंटने सांगितलेला नंबर लिहायचा. मी फोनवर होते, मला जिना दिसत नव्हता.”

“आणि हसणं कशाचं?”

“त्याच मला विचारायच्या, जेवलीस का, स्वेटर घातलास का. मग हसू येतं.”

‘दोन कसे’ हा प्रश्न मी चार वेगवेगळ्या प्रकारे विचारला आणि चारही वेळा तेच उत्तर आलं. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या वेळी काहीतरी सजवतो. तिने काहीच सजवलं नाही. हे माझ्या लक्षात आलं होतं, तरी मी मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंचं स्टेटमेंट घ्यायला वॉर्डात गेलो. खुब्याचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले होते. कूस बदलताना त्यांनी पलंगाचा कठडा इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली.

“काकू, किती दुखतंय?”

“बरं आहे हो. दोन लिहा.”

मी पेन खाली ठेवलं. माझी आई असंच बोलायची. तब्येत विचारायला आलेल्या माणसालाच चहा करून द्यायची. मग मी दुखण्याचं नाव काढलं नाही. देव कुठे मांडलेत, पोळ्या कोण करतं, झोपता कुठे, असं विचारत गेलो. देव वरच्या खोलीत होते आणि पाच महिने काकू वर गेल्याच नव्हत्या. पोळ्या खुर्चीत बसून लाटायच्या. झोप खालच्या सोफ्यावर. पडल्या त्या दिवशी सून शॉपिंगला गेली होती, म्हणून देवांवरची धूळ पुसायला त्या हळूच वर निघाल्या होत्या.

“मग त्या मुलीला दोन का सांगितलं?”

“अहो, इतकी गोड बोलते ती. परक्या पोरीपुढे काय रडायचं? आणि फोन स्पीकरवर, सून समोर. दहा म्हटलं की सुनेला वाटणार, तिच्या घरात माझे हाल होतात असंच मी सांगतेय. दहा म्हणजे अगदी मरणाचं दुखणं. मी काय मरतेय का?”

नंतर मी यादीतल्या आणखी पाच घरी गेलो. सगळीकडे हेच. मुलीने प्रश्न विचारला होता, उत्तर मिळालं होतं, आकडा खरा होता. फक्त तो दुखण्याचा नव्हता. चार वेळा कडक आवाजात प्रश्न विचारणाऱ्या मला हे वॉर्डात जाण्याआधीच सुचायला हवं होतं. मी त्याच घरांमधला आहे.

केस बंद केली. हे कळवायला मुलीला मीच फोन केला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि थँक यू म्हणाली. मी विचारलं, “आता कशा आहात?”

“बरं आहे, सर.”

फोन ठेवणारच होतो. मग म्हणालो, “आत्ता तुम्ही कुठे बसलात? समोर काय आहे?”

ती म्हणाली, “बॅगा आहेत. चार दिवस झाले भरून. घरी अजून सांगितलं नाही.” आणि ती रडू लागली.

त्याच संध्याकाळी मी हॉस्पिटलला दोन पानी पत्र लिहिलं, कामाच्या चौकटीत बसत नव्हतं तरी. नोंदी खऱ्या आहेत, प्रश्न बदला, आणि कोणता प्रश्न विचारायचा हे या मुलीलाच विचारा. त्यांनी तिला परत घेतलं. नवीन फॉर्ममध्ये आकडा राहिला, पण त्याआधी तीन प्रश्न आले: काल रात्री कुठे झोपलात, जिना शेवटचा कधी चढलात, आणि आत्ता खोलीत कोण आहे.

तो तिसरा प्रश्न तिचा होता. इतकी वर्षं लोकांचे जबाब घेऊन मला तो सुचला नव्हता.