हौदाच्या भिंतीकडची जागा

मायमूनाने आयुष्यात पहिला दात पाडला तो माझा. आम्ही तेव्हा सातवीत होतो, आणि मी तिच्या धाकट्या बहिणीच्या, वशीलाच्या, वेणीला च्युइंगगम चिकटवलं होतं. मायमूनाने काही विचारलं नाही. शाळेच्या नळावर तोंड धुताना दात माझ्या तळहातावर आला. संध्याकाळी ती स्वतःच आमच्या घरी येऊन माझ्या आईला म्हणाली, "आंटी, फाल्डीचा दात मी पाडलाय. परत माझ्या बहिणीच्या वाटेला गेला तर शेजारचाही पाडीन." आईने तिला बसवून चहा पाजला.

तिचा राग नाकावर नव्हता, हातात होता. कारखान्यात शिलाईकाम करायची तेव्हा मुकादमाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिने त्याच हातात कात्री रोवली आणि पुढची बाही शिवायला घेतली. नोकरी गेली. नवरा गसान्त, भला माणूस, लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदाच तिच्यावर हात उगारून बसला आणि सहा आठवडे स्वतःचा हात प्लास्टरमध्ये घालून हिंडला. त्यानंतर दोघांचा संसार इतका सुरळीत चालला की आमच्या बायका उदाहरण द्यायच्या.

आठ वर्षांपूर्वी गसान्त मशिदीतून परत येताना घराच्या फाटकाशी गोळी लागून पडला. गोळी दुसऱ्याच कुणासाठी होती. फाटकावरचं रक्त मायमूनाने बादली आणि ब्रश घेऊन स्वतः धुतलं, कुणाला हात लावू दिला नाही. तेव्हापासून ती सुटलीच. जिन्यात बंदुका घेऊन बसलेल्या पोरांना झाडूने झोडपायची, एकाला तर कान धरून तीन मजले खाली नेलं. ज्यांनी माणसं मारली होती ती पोरं "सॉरी आंटी, सॉरी आंटी" करत पळायची. आम्ही गॅलरीत उभे राहून पोट धरून हसायचो. आज त्या हसण्याची मला लाज वाटते.

केप फ्लॅट्सवरच्या आमच्या वस्तीला मधोमध कापत मोठा रस्ता जातो. अलीकडे मायमूना, पलीकडे वशीला. खिडकीत उभं राहिलं तर एकीला दुसरीचे वाळत घातलेले कपडे दिसायचे. पण अलीकडची टोळी वेगळी, पलीकडची वेगळी. मायमूनाचा एकुलता एक इग्शान अलीकडच्यांत आणि वशीलाचा तौहीद पलीकडच्यांत. सख्खे मावसभाऊ, लहानपणी एका गादीवर झोपलेले. मी सांगतोय त्या गोष्टीच्या तीन वर्षं आधी इग्शानचा जिवलग मित्र गोळीबारात गेला, आणि गोळ्या झाडणाऱ्यांत तौहीद होता असं सगळे म्हणाले. इग्शानने भर चौकात सांगितलं, "दिसू दे, उभा चिरतो." त्या दिवसापासून दोघी बहिणींची भेट बंद झाली, उरला फक्त फोन. रस्ता ओलांडायला तीस पावलं लागतात, पण ती कोण टाकणार?

त्यांची आई, जिला आम्ही सगळेच ऊमा म्हणायचो, मायमूनाकडे असायची. वय चौऱ्याऐंशी, डोळे जवळजवळ गेलेले. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी तिच्या हृदयाबद्दल जे सांगायचं ते सांगितलं. ऊमाने दोन दिवस विचार केला आणि म्हणाली, "दोन्ही पोरींचे हात धरून एकदा समुद्रात उभं राहायचंय मला. वसंतातलं पाणी हवं, हाडं गोठवणारं. मग न्या कुठे न्यायचं ते."

झालं! आमच्याकडे वसंत सप्टेंबरात येतो, म्हणून चोवीस सप्टेंबरच्या सुट्टीला स्ट्रँडफाँटेनच्या किनाऱ्यावर जायचं ठरलं. गाडी माझी, एरवी तीत शाळेची मुलं नेतो.

बेत ठरवायला बसलो त्या दुपारी बाहेर गोळीबार सुरू झाला. मायमूनाने ऊमाला उशीसकट टेबलाखाली सरकवलं, मी जमिनीवर आडवा झालो, ती माझ्या शेजारी पालथी पडली. वशीलाशी बिर्याणीबद्दल चाललेला फोन काही तिने ठेवला नाही.

"वशी, ब्रेयानी तू करतेस की मी?"

"तूच कर. माझी खाली लागते." फोन स्पीकरवर होता. "ऐकलंस? आमच्या बाजूने होती ती."

"छट्, आमच्या बाजूची होती. मसूर किती घालू?"

"भरपूर घाल. ऊमाला दात कुठे आहेत मटण चावायला?"

प्रत्येक गोळी मला दोनदा ऐकू येत होती, एकदा खिडकीतून आणि लगेच फोनमधून. दोघी बहिणींना त्याचं काहीच नव्हतं.

"मायमी, एक अट आहे," वशीला म्हणाली. "पोरं नकोत. तुझा इग्शान नको, माझा तौहीद नको. दोघांनाही घरात कोंडू."

"मी कधी म्हटलं पोरं हवीत?"

"शपथ घे."

"टेबलाखाली तोंड घालून पडलेय, गाढवे, शपथ कुठून घेऊ? बरं, घेतली. इग्शान येणार नाही."

"तौहीदही येणार नाही."

फोन ठेवून तिने ऊमाची उशी सारखी केली. मग हळूच म्हणाली, "फाल्डी, मला रोज एकच स्वप्न पडतं. इग्शान त्याच्या बापासारखा पडलाय, आणि वर सुरा घेऊन वशीचा पोरगा उभा आहे." या बाईला भीती वाटते हे मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. 

आता आमच्यातली एक गोष्ट सांगतो. सुट्टीच्या दिवशी सगळं केप फ्लॅट्स, गोऱ्यांनी आम्हाला शहराबाहेर काढून वसवलेला हा सगळा भाग, समुद्रावर लोटतं. सातला पोचलात तर गाडीतळाच्या डांबरावर बसून जेवायचं. म्हणून प्रत्येक घर पहाटेच एकाला जागा धरायला धाडतं. त्याने घोंगड्या अंथरायच्या, कोळसा मांडायचा, आणि घरचे येईपर्यंत भांडून, गरज पडली तर मारामारी करून जागा राखायची. हे काम घरातल्या तरण्याबांड पोराचंच. म्हाताऱ्याला पाठवलं तर लोक त्याला घोंगडीसकट उचलून बाजूला ठेवतात. आणि या दोघींच्या माहेरची जागा ठरलेली होती, समुद्राचं पाणी अडवलेल्या हौदाची डावीकडची भिंत. तिथे वारा लागत नाही. गोऱ्यांच्या राज्यात आम्हाला हाच किनारा सोडला होता तेव्हापासून त्यांचा बाप तिथेच बसायचा.

आदल्या दिवशी मायमूना माझ्याकडे आली. "उद्या पहाटे इग्शानला तिकडे सोड. जागा धरेल, आपण पोचायच्या आत टॅक्सीने निघून येईल."

"वशीलाला सांगितलंस?"

"तिला कशाला? उगाच घाबरून सगळंच मोडेल. तिचा तौहीद घरात आहे ना, मग झालं. ऊमाला वाऱ्यात बसवू का मी? छातीत कफ झाला तर तू खांदा देणार?"

"शपथ घेतलीस, मायमूना."

"तू दात सांभाळ आणि पाचला गाडी काढ."

मी गाडी काढली. मोठा दोष माझाही आहे, तो मी कुणावर ढकलत नाही. इग्शानने घोंगड्या, जाळी, कोळशाची पिशवी उतरवली. त्याच्या कमरेला सुरा दिसला. म्हटलं, "हे कशाला रे?" म्हणाला, "कांदे चिरायला, बूटा." थोरल्याला आमच्यात बूटा म्हणतात, आणि बूटा म्हणून माझं काम होतं तो सुरा काढून घ्यायचं. मी गाडी वळवली.

साडेआठला अलीकडे मायमूनाला आणि ऊमाला गाडीत घेतलं आणि पेट्रोलपंपावर वशीलाला. तिथे दोन्हीकडचं कुणी कुणाला हात लावत नाही. मायमूनाने बहिणीच्या पाठीत असा धपाटा घातला की पंपावरचा पोऱ्या वळून बघायला लागला. मग दोघी गळ्यात पडून मोठ्याने रडल्या. ऊमाने वशीलाचा चेहरा चाचपला, "वाळलीस गं," म्हणाली, आणि दोघींच्या मधे बसून दोघींचे हात जे धरले ते सोडलेच नाहीत. रस्ताभर दोघींचं मसुरावरून भांडण. मधूनच वशीला घड्याळ बघायची, मधूनच मायमूना. मला वाटलं, भूक लागली असेल.

पोचलो तेव्हा पावणेदहा झाले होते. वारा सुटलेला, पाणी हिरवंगार आणि बर्फासारखं, तरी पोरं किंचाळत उड्या मारत होती. वशीला ऊमाच्या पायांतल्या चपला काढत बसली. मायमूना पुढे निघाली आणि ब्रेयानीचं पातेलं घेऊन मी तिच्या मागे.

भिंतीशी दोन घरांच्या घोंगड्या एकाला एक लागून अंथरलेल्या होत्या. एकीवर इग्शान आडवा, डोक्यापर्यंत पांघरूण ओढलेलं. त्याच्या शेजारी गुडघ्यांवर तौहीद. कोपरापर्यंत दोन्ही हात रक्ताने माखलेले, हातात सुरा.

मायमूना ओरडली नाही. ओरडली असती तर इग्शान जागा झाला असता. शेजारच्या कुटुंबाने आडोशाचं कापड बांधायला लोखंडी गज आणून टाकले होते, त्यातला एक तिने उचलला. मी पातेलं टाकून धावलो, पण वाळूत पाय रुततात. पहिला घाव तौहीदच्या खांद्यावर बसला. त्याने मान वळवली, आणि खोटं सांगत नाही, तो हसत होता. "मायमी आंटी," म्हणाला. त्याला वाटलं, आंटी नेहमीसारखीच मारतेय. दुसरा घाव कानावर बसला. तिसरा बसला तेव्हा जो आवाज आला तो मी कुणाला सांगणार नाही.

इग्शान पांघरूण फेकून उठला. डोळे झोपेचे. "मम्मी! मम्मी, अगं काय केलंस? मासा साफ करत होता तो!"

तौहीदच्या मागे वर्तमानपत्रावर हातभर लांबीचा स्नूक मासा पोट फाडून ठेवलेला होता. वाटेत बोटीवाल्यांकडून त्याने तो आजीसाठी घेतला होता. मायमूनाने माशाकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, आणि हातातला गज खाली टाकायचंही तिला समजेना. तो मी सोडवून घेतला. तोवर वशीला आली होती.

वशीलाच्या तोंडून जे निघालं त्याला रडणं म्हणत नाहीत. ती मायमूनावर धावून गेली, तिचे केस धरले, तोंड ओरबाडून काढलं. जिच्या अंगाला हात लावायची कुणाची छाती नव्हती, ती मायमूना मान खाली घालून उभी राहिली. शेवटी वशीलाच थकून पोरावर कोसळली.

दवाखान्यात मीच नेलं. तौहीदचं डोकं वशीलाच्या मांडीवर, आणि इग्शान त्याचा हात घट्ट धरून एकसारखा बोलत होता, जणू बोलणं थांबलं तर श्वासही थांबेल. पहाटे तो पोचला तेव्हा कुणीतरी त्यांच्या जागेवर घोंगडी टाकताना दिसलं म्हणून तो सुरा काढून गेला, तर तौहीद! त्यानेही सुरा काढला. दोघे तसेच उभे. मग तौहीदने विचारलं, "तुला आईने पाठवलं?" इग्शान म्हणाला, "तुला?" "नऊला निघून ये म्हणाली?" "हो, आणि तुझी आई तुला, माझ्या मम्मीला कळू देऊ नको म्हणाली?" आणि दोघे वाळूत बसून पोट दुखेस्तोवर हसले. इग्शानच्या मेलेल्या मित्राचं बोलणं निघालं. त्या दिवशी बंदूक हातात होती पण आपण झाडली नाही, असं तौहीद म्हणाला. इग्शानने ते खरं मानलं. मग दोघांनी ठरवलं की नऊला निघायचं नाही. इथेच थांबायचं, मासा भाजून ठेवायचा, आणि आया आल्या की त्यांची तोंडं बघायची. कोळसा धरेपर्यंत इग्शान आडवा झाला, रात्रभर झोपला नव्हता म्हणून.

मागच्या सीटवरून ऊमा विचारत होती, "आलं का गं पाणी?"  नंतर तिला कुणी समुद्रावर नेलंच नाही, आणि जूनमध्ये ती गेली.

तौहीद दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. जनाजा पलीकडून निघाला. इग्शान भर उन्हात, रिकाम्या हातांनी, तो रस्ता ओलांडून गेला आणि जनाज्याला खांदा दिला. दोन्हीकडची पोरं कमरेला हत्यारं लावून उभी होती. कुणी हलला नाही. सूड घ्यायला सगळे तयार होते, पण कुणावर घेणार? मारणारी त्यांची सगळ्यांची आंटी होती. त्या महिन्यात वस्तीत एकही गोळी सुटली नाही, पुढच्या महिन्यापासून पुन्हा सुरू झाल्या.

मायमूनाने कोर्टात एक शब्द स्वतःच्या बाजूने काढला नाही. वकील सांगत होता, भीतीचं सांगा, स्वप्नाचं सांगा. ती म्हणाली, "मारलं. लिहून घ्या." नऊ वर्षांची शिक्षा झाली.

दुसऱ्या वर्षी वशीला माझ्या दारात आली. "तुरुंगात ने मला." मी घाबरलो. म्हटलं, ही काचेवर थुंकेल, डोकं आपटेल. पण नेलं. मायमूना आली, निम्मी झालेली, समोर बसली, मान वर करेना. वशीलाने फोन उचलला. काचेपलीकडे मायमूनाने उचलला. मी वशीलाच्या खुर्चीमागेच उभा होतो, सगळं ऐकू येत होतं.

"इग्शानला पाठवलंय, हे तू मला का नाही सांगितलंस?"

मायमूना मान वर करून म्हणाली, "तू तरी कुठे सांगितलंस, वशी?"

भेटीला अर्धा तास देतात. दोघी उरलेला सगळा वेळ फोन कानाला लावून बसून होत्या. पुन्हा कुणी बोललं नाही, आणि पहारेकरी येईपर्यंत कुणी फोन खालीही ठेवला नाही.