दोन खिळ्यांची फळी

सुमन गेली, हा फोन आला तेव्हा मी तिच्यासाठीच डबा भरत होते. माजलगावच्या दवाखान्यात होती ती... भाजीत मीठ बेताचं घाल, असा निरोपही तिनेच पाठवला होता. त्याला आता महिना उलटला. तिच्याबद्दल चार चांगले शब्द लिही, असं सगळे म्हणतात. लिहीन, पण आधी माझं भांडण ऐका.

तेलगावात आमची घरं समोरासमोर. साखरपुड्याची ताटं, रुखवत, आहेराची खोकी सजवायला रिबिनीची फुलं लागली की लोक सुमनचंच दार वाजवायचे. माझे मालक वारले त्या वर्षी मी दार लावून घरात बसले होते. एका दुपारी ही दारात उभी. "बोटं दे गं जरा. एकटीला गाठ बसत न्हाई." मी दोन बोटं ताणून धरायची, ती त्यांवर रिबीन गुंडाळायची आणि मधोमध बारीक तार आवळायची. पाकळ्या उलगडल्या की फूल तयार. "तुझ्या बोटाबिगर लई वाकडं बसतंय बघ," असं ती म्हणायची आणि मी खुळी हरखायचे. बोटांवर वळ उठायचे, तेसुद्धा मिरवायचे.

मग काय, रोजची दुपार तिचीच झाली. नांदूरघाटला भावाच्या नातीच्या बारशाला गेले, तर जेवणं उरकायच्या आत एसटी गाठली. भावजय तोंड फुगवून म्हणाली, "तुमच्याबिगर तिचं काय अडतंय?" मी ठसक्यात म्हटलं, "माझ्याबिगर तिचं पान हालत न्हाई." भावजयीने त्यानंतर जो अबोला धरला, तो आजतागायत.

तेराव्यानंतर सुमनची लेक मनीषा घर आवरत होती. मी मदतीला गेले. झाडता झाडता पलंगाखालून एक फळी निघाली. तिच्यावर दोन खिळे ठोकलेले, माझ्या दोन बोटांएवढ्याच अंतरावर. वापरून वापरून चकचकीत झालेले.

"आई सकाळी ह्याच्यावरच फुलं करायची की, मावशी. तुमी यायच्या टायमाला फळी खाली सारायची. म्हनायची, मावशीला सांगू नको."

मी तिथेच बसले. इतकी वर्षं! गाठ तिला एकटीला बसत होती. मला घराबाहेर काढायला तिने माझी बोटं मागितली, आणि मी तिच्यापायी माहेर तोडून बसले. दया आली होती तर तोंडावर सांगायचं होतंस ना, सुमन... चार शिव्या दिल्या असत्या आणि तरीही आले असते. लोक याला माया म्हणतील. मला ही फसवणूक वाटते, आणि भांडायला समोर कुणी नाही याचा राग तर त्याहून मोठा.

फळी मनीषाने मलाच दिली. परवा दुपारी खिळ्यांवर लाल रिबीन गुंडाळली, तार आवळली. फूल माझ्या बोटांवरच्यापेक्षा सरळ बसलं. बोटांवर वळ नाही, काही नाही. तेवढ्यात वाऱ्याने समोर सुमनच्या दाराची कडी वाजली, आणि मी घाईघाईने फळी पलंगाखाली सारली... मला कळलंय, हे तिला कळू नये म्हणून.