काचेवरचं बोट

हे मी बहिणीला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखलंत तरी आता काय फरक पडतो?

सिकंदराबादजवळ, हिमायतनगरच्या एका खासगी दवाखान्यात मी रिसेप्शनची इन्चार्ज आहे. काही वर्षांपूर्वी तिथं टोकनचं मशीन आलं. पेशंटनं काचेवर बोट ठेवायचं, भाषा निवडायची, डॉक्टर निवडायचा, चिठ्ठी घ्यायची. पण आमच्याकडे येणारे निम्मे लोक त्या काचेला हात लावायलाच भ्यायचे. तेव्हा कमलमावशी पुढे व्हायच्या.

मावशी ठेकेदाराकडून लादी पुसायला आलेल्या. मूळच्या नांदेडकडच्या, आमच्यासारख्याच. त्यांना वाचता येत नव्हतं. एका दुपारी मी त्यांना मशीन दाखवलं आणि त्यांनी सगळं जागेवरून पाठ केलं — डावीकडून तिसरं हाडांचं, त्याखालचं डोळ्यांचं. हळूहळू त्यांची ड्यूटीच तिथं लागली. एकीशी तेलुगूत बोलायच्या, दुसरीशी दखनी उर्दूत, बोट मात्र कायम त्यांचंच. फिनेलनं भेगाळलेलं. संध्याकाळी काचेवरचे त्याचे डाग मी पुसायची आणि मला किळस यायची.

किळस बोटाची होती का? आता खोटं कशाला बोलू.

मावशींनी पहिल्याच आठवड्यात माझं आडनाव विचारून घेतलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी, भरल्या हॉलमध्ये, खणखणीत आवाजात — "जय भीम, माय." घरी आम्ही हेच म्हणतो. माझे वडील सिकंदराबादला रेल्वेत होते, ते तर साहेबांनाही हेच म्हणायचे. आणि मी? मी कामावर नुसती 'महाराष्ट्रियन' होते. बाकीच्या मुली त्यातून जे समजायचं ते समजायच्या, मी समजू द्यायची. मावशींची हाक आली की मी फोन कानाला लावायची. पलीकडे कुणी नसायचं.

मग किमान वेतन वाढलं. त्याचा कागद मीच मावशींना वाचून दाखवला. नातीला आता शाळेत ऑटोनं पाठवीन म्हणाल्या. दोनदा वाचायला लावला.

त्याच आठवड्यात मॅनेजरनी मला बोलावलं. ठेकेदार जास्त मागतोय, माणसं कमी करावी लागतील, म्हणाले. लोकांना मशीन आपलं आपण चालवता येत असेल तर मावशींची गरज नाही, येत नसेल तर ठेवू. पंधरा दिवस नोंद करायला सांगितली. कागदावर दोन रकाने — 'स्वतः' आणि 'मदतीनं'.

पंधरा दिवस मी समोर बसून बघत होते. बोट मावशींचं, माझी खूण 'स्वतः'मध्ये. एक म्हातारी तर मावशींच्या दंडाला धरून उभी होती, डोळ्यांवर पट्टी होती तिच्या. तिचीही खूण 'स्वतः'मध्ये केली. मला कुणी धमकावलं नव्हतं. कुणी सुचवलंसुद्धा नव्हतं. खरं लिहिलं असतं तर मावशी राहिल्या असत्या, एवढं सोपं होतं. मला फक्त ती सकाळची हाक नको होती. तेवढ्यासाठी मी एका बाईच्या पोटावर पाय दिला — आणि कुणाच्या? माझ्या बापाचे शब्द बोलणाऱ्या बाईच्या. शी.

शेवटच्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या. मला वाटलं, कळलं. पण त्यांनी माझा हात हातात घेतला.

"तू बोलली असशीलच माझ्यासाठी, माय. त्येंनी ऐकलं नसंल."

मी मान हलवली. हो म्हणून हलवली. त्या गेल्यावर बाथरूममध्ये जाऊन साबणानं हात धुतला — हेही सांगायलाच हवं.

आता म्हातारी माणसं मशीनसमोर उभी राहतात, इकडंतिकडं बघतात. कुणी शिकलेला भेटला तर ठीक, नाहीतर काही जण तसेच परत जातात. मी टेबलामागून बघते. कागदावर मशीन उत्तम चालतं.

गेल्या महिन्यात नल्लकुंट्याच्या भाजीबाजारात मावशी दिसल्या. बऱ्याच वाळल्या होत्या. चार घरची धुणीभांडी करतात म्हणे, मागून कुणाकडून तरी कळलं. त्यांनी मला लांबूनच ओळखलं. हात वर केला आणि तोच आवाज, तितकाच खणखणीत — "जय भीम, माय."

बाजारात माझ्या कामावरचं कुणी नव्हतं. माझ्या ओळखीचंच कुणी नव्हतं. तरी माझा हात पर्समध्ये गेला. मी फोन काढला आणि कानाला लावला.