दोन पानांची लिली

शेजारच्या आर्डिथबाई घळीत पडून राहतील आणि आम्हाला कळणारही नाही, ही भीती एप्रिल लागल्यापासून डोक्यातून जात नाही. वय एक्क्याऐंशी. नजरेच्या मधोमध नुसता धुरकट ठिपका, कडेचं तेवढं दिसतं. तरी रोज सकाळी काठी घेऊन आमच्या घरांमागच्या घळीत उतरतात, रानफुलं बघायला.

त्यांचा मुलगा लोरेन कोलंबस शहरात असतो. गेल्या आठवड्यात त्याने मला विचारलं, आई अजून तिथे जाते का, खरं सांग. जात असेल तर मे महिन्यात तिला कायमची इकडे आणतो. बघून सांगते म्हणाले. मीही आई आहे, त्याची भीती मला कळते.

म्हणून आज बरोबर गेले. त्या पावलं मोजत उतरत होत्या आणि मी सारखी त्यांच्या पायांकडे बघत होते.

"डोळे धड आहेत तुझे, आणि बघतेस काय, तर माझे बूट."

उन्मळून पडलेल्या बीचच्या झाडापाशी त्या गुडघ्यांवर बसल्या आणि पाचोळ्यात बोटांनी चाचपू लागल्या. ट्राउट लिली या रानफुलाचं पान ट्राउट माशाच्या अंगासारखं ठिपकेदार. एकच पान असेल तर यंदा फूल नाही, दोन असतील तरच.

"हे अजून एकटंच. सहा वर्षं झाली, बसलंय आपलं."

मग आम्ही ओंडक्यावर बसलो. लिलीची पिवळी फुलं माना खाली घालून मिटलेली होती. निष्पर्ण फांद्यांमधून ऊन उतारावर सरकत आलं. आर्डिथबाईंनी चेहरा वर केला.

"गालाला लागलं. आता उघडतील बघ."

थोड्या वेळाने खरंच पाकळ्या मागे वळू लागल्या. वरच्या कडेपासून ओढ्यापर्यंत सगळा उतार पिवळा होत गेला. चौदा वर्षं मी इथून दोनशे पावलांवर राहते आणि हे मला माहीत नव्हतं.

"किती आहेत?" त्यांनी हळूच विचारलं.

"मोजता येणार नाहीत, आर्डिथबाई."

"दोन वर्षं मी अंदाजानेच बघतेय. खरंच उमलतात का, ते सांगायला कुणी नव्हतं."

परतताना त्या एकदा घसरल्या, मी दंड धरला म्हणून सावरल्या. लोरेनपासून हे लपवणार नाही. पण नुसतं 'हो, जाते' म्हणून फोन ठेवला, तर तेही अर्धवटच होईल. सकाळी उठल्या उठल्या त्याला फोन करणार आहे. घसरल्याचं सांगेन, आणि म्हणेन, काय ठरवायचं ते ठरव, पण आधी या शनिवारी ये, उतारावर ऊन यायच्या आत.