बोर्डांमागची कमान

आमच्या गुलमंडीत दिवाळीला दुकानावर नवा बोर्ड चढतो, पण जुना कुणी काढत नाही. लावलेला बोर्ड काढला की लक्ष्मी उठून जाते म्हणे. त्यामुळे लाकडी पाटीवर पत्र्याची, पत्र्यावर फ्लेक्सची, असं करत करत आमच्या इमारतीचं तोंडच झाकून गेलं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हाही ते झाकलेलंच होतं.

इमारत सासऱ्यांची. त्यांच्यामागं निम्मी धाकट्या दिरांकडे आली आणि निम्मी, माझे यजमान गेल्यावर, माझ्याकडे. खाली तीन दुकानं: दिरांचं भांड्यांचं, माझं लेस-बटणांचं आणि मध्ये आमचे जुने भाडेकरू, अत्तरवाले चाचा. भिंतींना कायम ओल. पोपडे गळून माझ्या लेसच्या रिळांवर पडायचे. शेवटी भाऊजींनी एक बिल्डर गाठला. इमारत पाडायची आणि काचेचं कॉम्प्लेक्स बांधायचं. अडलं होतं ते फक्त माझ्या सहीवर.

"वहिनी, पार सडलीय ती. काय ठेवलंय तिच्यात?"

"आधी तिचं तोंड तर बघू द्या," मी म्हणाले. "सगळे बोर्ड काढा. खाली सडकं निघालं तर उभ्या उभ्या सही करते."

पण आधी कुणी काढायचा? भाऊजी म्हणाले, चाचांनी काढावा. चाचा म्हणाले, "पहले भाभी का निकालो, हम पीछे-पीछे आते." बोर्ड नसलेलं दुकान म्हणजे बंद पडलेलं दुकान, ही दोघांची धास्ती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासरी मला लवंगी मिरची म्हणतात ते उगीच नाही. ऐन लग्नसराईत, भर बाजारात, मी वेल्डर बोलावला आणि माझे बोर्ड उतरवले. गिऱ्हाइकं विचारायची, "दुकान मोडलं का बाई?" मी म्हणायची, "नाही, तोंड धुतेय." लक्ष्मी काही उठून गेली नाही. ते पाहून चाचांनी त्यांचे काढले आणि मग कुरकुरत का होईना, भाऊजींनीही.

कुजलेलं प्लायवूड आणि कबुतरांची घरटी खाली आली. आणि मग दिसल्या चुन्यात घडवलेल्या तीन कमानी. वर त्यांच्या डोक्यावर सागवानी सज्जा, कठड्यावर कोरलेली वेल. रस्त्यावरच्या रिक्षा थांबल्या. चाचा नुसते "सुभानल्ला, सुभानल्ला" करत राहिले. मी भररस्त्यात रडले आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

तपासायला आलेल्या इंजिनिअरनं ओलीचं कारण सांगितलं. पावसाचं पाणी बोर्डांच्या मागं साचून भिंतीत मुरत होतं. भिंत ठणठणीत होती. तिला चुन्याचा गिलावा करा आणि मोकळी ठेवा, एवढंच तो म्हणाला.

भाऊजी कितीतरी वेळ वर सज्ज्याकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "वहिनी, मी तिथूनच पतंग उडवायचो. साफ विसरलो होतो बघा." संध्याकाळी बिल्डरचा फोन आला, तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, "नाय जमायचं."

आता प्रत्येक कमानीत एकेक छोटी, हातानं रंगवलेली पाटी आहे. ओल गेली. परवा एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा भलामोठा फ्लेक्स घेऊन काही कार्यकर्ते आले आणि त्यांनी मधल्या कमानीला शिडी लावली. मी पदर खोचून उठतच होते, तेवढ्यात भाऊजी हातातलं पातेलं तसंच घेऊन बाहेर धावले.

"उतर खाली! वाढदिवस तुमच्या साहेबांचा, कमान आमची. एक खिळा तर ठोकून दाखव!"

शिडी निघाली. मी परत खाली बसले आणि गिऱ्हाइकाची लेस मोजू लागले. इतकी गप्प मी त्या दुकानात कधीच बसले नव्हते.