हशासाठी सहा मिनिटं

माझ्या आत्याला तोंडावर सगळे ‘बाई’ म्हणतात आणि पाठीमागे ‘बत्तीबाई’. हे दुसरं नाव तिला माहीत आहे आणि मनातून आवडतंही, असा माझा संशय आहे.

वर्षभर ती दवाखान्यात एक्स-रे काढते. ‘श्वास धरा, हलू नका, सोडा’ एवढ्या तीन वाक्यांवर तिने एकतीस वर्षं नोकरी रेटली. रजा मात्र ती एकच घेते, आमच्या गावातल्या कलामहोत्सवाची. हा महोत्सव बड्या नाट्यगृहांचा नव्हे. ज्यांना कुणी रंगमंचावर उभं करत नाही, त्यांचा. ते दहा दिवस गावातली प्रत्येक रिकामी खोली नाट्यगृह होते. नाचाचा क्लास, वाचनालयाचा मागचा हॉल, बंद पडलेलं चपलांचं दुकान, काहीही चालतं. आत्याच्या ताब्यात फर्निचरच्या दुकानावरची खोली असते. अठ्ठेचाळीस खुर्च्या, सहा दिवे आणि अर्ध्यावर अडकणारा एक पडदा. सकाळी दहापासून तिथे दर तासाला एक प्रयोग होतो. नाटक असतं, गाणी असतात, विनोद असतो. एका वर्षी तर एका गृहस्थांनी पन्नास मिनिटं नुसत्या छत्र्या उघडून मिटून दाखवल्या होत्या.

प्रयोग पन्नास मिनिटांचाच. उरलेल्या दहा मिनिटांत एकांनी पसारा आवरायचा आणि दुसऱ्यांनी मांडायचा. आत्या गळ्यात स्टॉपवॉच अडकवून मागच्या भिंतीशी उभी असते. पाच मिनिटं उरली की टॉर्चला हिरवा कागद लावून दाखवते, एक मिनिट उरलं की लाल. पन्नासावं मिनिट भरलं की दिवे बंद. मग समोर गाणं चालू असो की भांडण. एकदा एका राजाचं मरण लांबलं, तर ते अर्धवटच राहिलं. राजा अंधारात उठला आणि चपला चाचपत बाहेर गेला.

लोक तिला खडूस म्हणतात. पण पहिल्या वर्षी तिने एकाला भिडेखातर दहा मिनिटं जास्त दिली होती. मग पुढचे सगळे प्रयोग घसरत गेले, आणि हॉल बंद करायची वेळ झाली म्हणून शेवटच्या दोन मुलींना उभंच राहता आलं नाही. त्यातली एक जिन्यात बसून हमसाहमशी रडली. त्या दिवशी आत्याने कानाला खडा लावला.

एका बाबतीत मात्र ती फार प्रेमळ आहे. नवीन माणूस आला की त्याला बाजूला घेऊन सांगते, “घरी म्हणून बघितलंस ना? पन्नास मिनिटं भरतायत? मग त्यातली सहा काप. घरी कुणी हसत नाही, इथे हसतील. लोक हसले की तुला थांबावं लागेल. तेवढी जागा ठेव.”

यंदा त्या खोलीत माझे बाबा उभे राहणार होते.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. मागच्या वर्षी निवृत्त झाले आणि निरोपसमारंभात भाषण करताना त्यांनी चार माणसांना हसवलं. झालं! तेव्हापासून त्यांच्या डोक्यात किडा शिरला. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना धीर यावा म्हणून ते दाराच्या फटीतून गाणी म्हणत असत. ते सगळे किस्से, ती गाणी आणि सोबत एक छोटा कीबोर्ड, असा एकट्याचा कार्यक्रम त्यांनी बसवला. तीन दिवस, दुपारी चार वाजता. अर्ज भरून आले आणि आईला म्हणाले, “पहिल्या दिवशी लोक हसले नाहीत, तर पुढचे दोन्ही प्रयोग रद्द. कीबोर्ड माळ्यावर. पुन्हा हा विषय घरात काढायचा नाही.” बाबा असं काही बोलले की तसंच करतात. म्हणून मला धास्ती वाटत होती.

महिनाभर दिवाणखान्यात तालीम चालली. प्रेक्षक आई आणि आत्या. आईने हे किस्से तीस वर्षं ऐकलेले, त्यामुळे ती शेंगा सोलत बसायची. आत्या स्टॉपवॉच दाबायची. “एकोणपन्नास मिनिटं, दादा. बरोबर बसलं,” म्हणायची आणि पर्स उचलून निघायची. बाबा तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहायचे. मला वाटायचं, शाबासकीची वाट बघतायत.

पहिल्या दिवशी एकतीस खुर्च्या भरल्या. त्यातल्या दोन आईच्या आणि माझ्या. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पहिले दोन किस्से शांततेत गेले. कुणीतरी खोकलं. आईने माझं मनगट घट्ट धरलं. मला उठून पळून जावंसं वाटत होतं.

मग बाबा म्हणाले, “लिफ्ट अडकली की माणूस आधी सगळी बटणं दाबतो. काही होत नाही. मग तीच बटणं पुन्हा दाबतो. या वेळी जरा रागाने.”

मागच्या रांगेतून एक बाई खुदकन हसल्या. त्यांचं बघून शेजारचे हसले. पुढे आठव्या मजल्यावर अडकलेल्या एका साहेबांची गोष्ट आली. बाबा फटीतून दोन कडवी गायले, तेव्हा आतून साहेब ओरडले, “तुम्ही गाऊ नका हो! मी अडकलेलाच बरा!” आणि खोली फुटली. बाबांना थांबावं लागलं. पुन्हा बोलायला तोंड उघडलं तर लोक पुन्हा हसले. आईने माझं मनगट सोडलं आणि स्वतःच हसायला लागली. तीस वर्षं ऐकलेल्या किश्श्याला!

मी आनंदाने मागे वळून आत्याकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती बाबांकडे बघे, मग घड्याळाकडे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एकोणपन्नास मिनिटं भरली होती ती शेंगा सोलणाऱ्या आईसमोर. इथे प्रत्येक हशा वेळ खात होता, आणि बाबांचं सगळ्यात लाडकं गाणं शेवटी होतं. अकरा वर्षं येईल त्याला सहा मिनिटं कापायला सांगणारी बाई सख्ख्या भावाला सांगायची विसरली होती.

हिरवा टॉर्च दिसला तेव्हा तीन किस्से बाकी होते. लाल दिसला तेव्हा दोन. बाबांनी लाल उजेड नीट पाहिला. घाई करायची सोडून ते चक्क गालात हसले आणि सावकाश म्हणाले, “तर एकदा काय झालं, एका डॉक्टरांच्या लिफ्टमध्ये...”

आणि दिवे गेले. क्षणभर कुणाला काही कळेना. मग अंधारातून बाबांचा आवाज आला, अगदी नोकरीतला.

“घाबरू नका. मेकॅनिक आतच आहे.”

त्यावर जो हशा आणि ज्या टाळ्या झाल्या, त्यात आत्याचं “मागच्या दाराने, चला, चला” कुणालाच ऐकू गेलं नाही. बाहेर चार गायक लाकडाची होडी घेऊन ताटकळत उभे होते.

पुढचा प्रयोग लागल्यावर आत्याला दहा मिनिटांची उसंत मिळते. जिन्यात बाबा पायरीवर बसून घाम पुसत होते, आई माझ्या हातात चहाचे कप देत होती. ती खाली आली आणि दोन पायऱ्या वरच थांबली.

“दादा, तुझं गाणं गेलं.”

“गेलं खरं.”

“मी सांगायला हवं होतं. सगळ्यांना सांगते मी.”

“माहितेय मला,” बाबा म्हणाले. “अर्ज भरायला आलो होतो, तेव्हा त्या जादूवाल्या पोरीला सांगत होतीस. हशाला जागा ठेव म्हणून. मी मागेच उभा होतो. महिनाभर वाट बघितली, आज सांगशील, उद्या सांगशील.”

आत्या स्टॉपवॉचची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. म्हणजे ती विसरली नव्हती. आईला हे माझ्याआधी कळलं असावं, कारण ती घाईघाईने म्हणाली, “वन्सं, चहा घ्या ना.”

“मला वाटलं, तुला ती जागा लागणारच नाही,” आत्या म्हणाली. “सहा मिनिटं कापली असती, लोक हसले नसते, मग चव्वेचाळीस मिनिटांत संपून तू तिथे नुसता उभा राहिला असतास. ते मला बघवलं नसतं, दादा.”

“मग मलाही तेच वाटायला लागलं,” बाबा म्हणाले. “तू अकरा वर्षं हेच बघतेस. तुलाच खात्री नाही म्हटल्यावर मला कुठून असणार? आज मला एकच भीती होती. वेळेत संपेल याची.” त्यांनी रुमालाची घडी घातली आणि खिशात ठेवली. “तू बत्ती घालवलीस, तेव्हा कुठे जिवात जीव आला.”

आत्या त्या दोन पायऱ्या उतरून बाबांच्या शेजारी टेकली. तिने डोळे पुसले आणि गळ्यातलं स्टॉपवॉच शून्यावर आणलं.

“उद्या आठ मिनिटं काप,” ती म्हणाली.

“सहा ना?”

“सहा इतरांना. तू आठ काप.”