बिनमेणाच्या संत्र्यांसाठी पांढुर्णा ते रामाकोना

नाशिकहून पांढुर्ण्याला कोणी फिरायला जात नाही. मीही खरेदीलाच गेले होते. पण परत आल्यावर शेजारणी विचारत राहिल्या, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही चौघी जणी संत्र्याच्या सालीची पाकातली कांडी करतो. हा उद्योग मूळ माझ्या यजमानांचा. फळ आणायचं काम त्यांचं, शिजवायचं आमचं. नागपूरच्या एका व्यापाऱ्याला ते फोन करायचे आणि चार दिवसांत क्रेट दारात यायचे. हे गेले त्याला तीन वर्षं झाली. यंदा त्या व्यापाऱ्यानेही धंदा बंद केला. सगळी खरेदी एकाच माणसावर सोडू नये, हे मी वाचनालयातल्या पुस्तकात वाचलं होतं. वाचलं तेव्हा पटलंही होतं. दुसरा माणूस मात्र शोधून ठेवला नव्हता.

बाजारात संत्री मिळतात, पण बहुतेकांवर मेणाचा हात फिरवलेला असतो. फळ टिकतं, चमकतं. आम्हाला मात्र सालच हवी असते, आणि मेणाच्या सालीत पाक मुरत नाही. त्यातून पुण्याच्या एका दुकानाने भेटपेट्यांची मोठी मागणी दिली होती. त्यांची अट होती की फळ कोणत्या गावच्या, कोणाच्या बागेतलं ते लेखी द्यायचं, झाडाचा फोटो जोडायचा आणि सालीला मेण नको. हल्ली गिऱ्हाईक असं विचारतं म्हणे. मला ते आवडलं. पण अकरा क्रेट असं फळ त्या आठवड्यात मिळालं नसतं, तर मागणी दुसरीकडे गेली असती आणि चौघींचा हिवाळा रिकामा गेला असता. म्हणून निघाले.

नागपूरपर्यंत आरामात झोपून गेले. तिथून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीने पांढुर्णा दोनेक तासांवर आहे. पॅसेंजर मिळाली तर तिकीट चहा-नाश्त्याच्या भावात पडतं. नागपूर स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाऊनच पुढे निघा, मात्र तर्री वेगळ्या वाटीत मागा. मी शहाणपणा करून वरूनच ओतून घेतली आणि काटोल जाईपर्यंत नाक पुसत होते. नोव्हेंबर अखेरची हवा छान होती. पांढुर्णा मध्य प्रदेशात, पण राज्य बदलतं ते फक्त पाट्यांवर. पाट्या हिंदीत, आणि पाटीखाली उभी असलेली माणसं मराठीत भांडतात.

स्टेशनजवळच्या लॉजमध्ये साधी, स्वच्छ खोली मिळाली. गरम पाणी बादलीने, सकाळी सातपर्यंतच. एकट्या बाईला काही त्रास नाही. मालकाने फक्त तीनदा विचारलं की सोबत कोण आहे.

दुपारी गजाननभाऊंकडे गेले. ते संत्र्यांचे व्यापारी, फोनवरच ओळख झालेली. शहराबाहेर त्यांची मोठी शेड आहे. एका टोकाला फळं पट्ट्यावर पडतात, धुतली जातात, मेणाच्या फवाऱ्याखालून जातात, वाळतात आणि आकाराप्रमाणे वेगळी होऊन क्रेटमध्ये उतरतात. मी अर्धा तास नुसती बघत उभी होते. गजाननभाऊ धंद्याची गाऱ्हाणी हसत हसत सांगत होते. शेजारच्या देशाने आयातशुल्क वाढवलं, तेव्हापासून तिकडे जाणारा माल इथेच तुंबतो. ट्रक कुठे आहे ते मोबाईलवर दिसतं, पण थांबलेला ट्रक मोबाईलने हलत नाही. आणि मालासोबत दक्षिणेत गेलेले क्रेट रिकामे होऊन परत येत नाहीत.

"लेक परत येते बाई माहेरी," ते म्हणाले, "क्रेट नाही येत."

मी एकेक फळ हातात घेऊन अकरा क्रेट निवडले. मेण नको हे दोनदा सांगितलं. त्यांनी मान डोलावली, सकाळी या म्हणाले.

सकाळी गेले तर अकरा क्रेट दारात मांडलेले आणि संत्री दिवाळीच्या पितळी भांड्यांसारखी चमकणारी. शेडवरच्या बायका कौतुकाची वाट बघत उभ्या होत्या. झालं होतं असं की भाऊ संध्याकाळी गावाला गेले आणि निरोप सांगायचा राहिला. नाशिकहून बाई स्वतः आल्या, त्यांना मातकट माल कसा द्यायचा, म्हणून त्या बायकांनी जास्तीचं काम करून माझे क्रेट आपणहून यंत्रातून काढले होते. वर एकेक फळ फडक्याने पुसलंही होतं. रागवायचं तरी कोणावर? मी त्यांना छान झालंय म्हटलं आणि बाजूला जाऊन बसले.

गजाननभाऊ आले आणि त्यांनी क्रेट बघितले. शेडमधला बाकीचा मालही मेणाचाच होता. त्यांनी दोन-तीन फोन केले, मग पिकअपची किल्ली उचलली. म्हणाले, "चला, रामाकोन्याला जाऊ. माझ्या आतेबहिणीची बाग आहे."

या धंद्यात व्यापारी गिऱ्हाइकाला बाग कधी दाखवत नाही. दाखवली की गिऱ्हाईक पुढच्या वेळी थेट तिकडेच जातं. वाटेत मी त्यांना तसं विचारलंच.

"माल चुकला न बाई," ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "जबान कशी चुकवू?"

पांढुर्णा ते सौसर रस्ता चांगला आहे, बसने तासभर धरा. सौसरला आलुबोंडे खाल्ले, रामाकोना तिथून थोडं पुढे. जामसावळीच्या मारुतीला वेळेअभावी गेले नाही, त्याबद्दल चहावाल्याने मला बोल लावला. तुम्ही जा.

वंदनाताई बागेच्या फाटकातच भेटल्या. भावाला म्हणाल्या, "दिवाळीले बोलावलं तं आला नाही, आता काऊन आला? काम पडलं असन." मग माझं ऐकून घेतलं आणि मान हलवली. बाग फुलोऱ्यातच ठोक विकून झाली होती. इकडे बहुतेक असंच करतात. त्यानंतर झाड त्यांचं असलं तरी त्यावरचं फळ दुसऱ्याचं असतं, मालकीणही तोडत नाही.

मी निघायला लागले. वंदनाताई विहिरीकडे बघत होत्या. सौद्यातून सहा झाडं नेहमी बाहेर ठेवतात, लेकींच्या सासरी पाठवायला. ती विहिरीपाशी होती.

"दोघी पोरी पुण्यात. त्याइले दोन टोपल्या पुरते," त्या म्हणाल्या. "बाकीचं तुमी न्या. भावाकडून बिघडलं अन् तुमी रिकाम्या हातानं जाऊन राहिल्या, बरं नाही दिसत."

दव वाळलेलं होतं. कात्रीने देठ राखून तोडायचं, ओढायचं नाही. बाह्या लांब घाला, काटे लागतात. सात क्रेट भरले. फळ मळकट, ठिपक्यांचं, आणि नखाने साल खरवडली की डोळ्यांत पाणी आणणारा वास. मध्ये भाकरी, वांग्याची भाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा झाला. पैसे जेवणाचे घेतले नाहीत, फळाचे बाजारभावाने घेतले.

तिथूनच मी पुण्याच्या दुकानाच्या बाईंना फोन लावला आणि जे झालं ते सांगितलं. सातच क्रेट आहेत, चार कमी. त्या बाईंनी झाडाचा आणि वंदनाताईंचा फोटो मागितला. वंदनाताई पदर सारखा करून आल्या. दहा मिनिटांनी उत्तर आलं. आता सातांच्या पेट्या करा, उरलेल्या पुढच्या, मृग बहाराच्या फळाच्या, मार्चमध्ये.

घरी येऊन आता आठवडा झाला. सातही क्रेट नीट पोचले, पाक मुरतोय, पेट्यांवर रामाकोना लिहून झालंय. वंदनाताईंचा नंबर माझ्याकडे आहे. मधला माणूस काढून टाका, स्वस्त पडतं, असं हल्ली जो तो सांगतो. पडेलही. पण ज्या सकाळी सगळं बिघडलं, त्या सकाळी मधल्या माणसाने किल्ली उचलली होती. तेव्हा मार्चचे चार क्रेट सांगायला मी गजाननभाऊंनाच फोन केला.

ते म्हणाले, "बरं. मेण लावू का?"

मी इतकी हसले की हातातला झारा खाली ठेवावा लागला. फोन ठेवला आणि ही गंमत यांना सांगायला म्हणून मागे वळले. मागे त्या तिघी साली कापत बसल्या होत्या. मग त्यांना सांगितलं.